काउंटरवरची खुर्ची

मुलांनो, योकोहामाच्या त्या वॉर्ड ऑफिसचा वास मला अजून आठवतो. रॉकेलचा हीटर, ओल्या छत्र्या आणि शिक्क्यांची लाल शाई. नव्वदच्या दशकात मी तिथे कंत्राटी नोकरीत होते. परदेशी लोकांना अर्ज भरायला मदत करायची, आणि गर्दी झाली की येईल त्याला रहिवासाचा दाखला द्यायचा. काउंटरवरची डावीकडून दुसरी खुर्ची माझी.

एका सकाळी ती खुर्ची कपाटांच्या मागे ठेवलेली दिसली. आमचे घरचे कागद परदेशी बाईच्या हातात का देता, अशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तक्रार केली होती. साहेब किंचित वाकून मला म्हणाले, "इथे तुम्हाला निवांत काम करता येईल."

तीन वर्षांत माझ्या हातून एकही दाखला चुकला नव्हता. घरी येऊन मी चार पानी अर्ज टाइप केला. तारखा, मुद्दे, शेवटी मागणी: हा वंशभेद आहे असं लेखी मान्य करा आणि माझी जागा परत द्या.

तुमचे आजोबा म्हणाले, "अर्ज आहे की प्रबंध? प्रस्तावना राहिली बघ."

दुसऱ्या दिवशी मी साहेब, त्यांचे वरिष्ठ, शेजारचे दोघे सहकारी आणि युनियन, सगळ्यांना एकेक प्रत दिली. पुण्याच्या इंग्रजी शाळेत आम्हाला तसंच शिकवलं होतं: तक्रार लेखी, आणि प्रत सगळ्यांना.

युनियनचं काम कर विभागातली एक बाई बघायची. कंत्राटी लोकांना सहसा कुणी विचारत नसे, पण तिने मला आग्रहाने सभासद करून घेतलं होतं. अर्ज वाचून तिने कपाळाला हात लावला.

"सगळ्यांना एकाच दिवशी दिलात?"

"मग काय लपवून द्यायचा?"

"अहो, आधी एकेकाशी चहा प्यायचा असतो. सगळ्यांचं जमलं की मग कागद. आता साहेबांना मागे सरायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही."

खरंच होतं ते. साहेब कपाटांकडे फिरकेनासे झाले. सहकारी मला बघून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायचे.

पुढचे तीन आठवडे ती बाई या टेबलावरून त्या टेबलावर चहा पीत हिंडली. मग एका दुपारी डबा खाताना मला म्हणाली, "दोन्ही गोष्टी मिळणार नाहीत. चौकशी मागितलीत तर तो 'वंशभेद' शब्द कदाचित कागदावर येईल, पण वर्ष जाईल आणि तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतं. अर्ज मागे घेतलात तर सोमवारी खुर्ची पुढे येईल. पुन्हा कुणी कुरकुर केली तर उत्तर साहेब देतील."

"म्हणजे चूक कुणाचीच नाही?"

"चूक सगळ्यांना कळली आहे. साहेबांच्या तोंडून वदवून घ्यायचीय का?"

"हो."

ती हसली. "इंग्रजी शाळेत हट्ट शिकवतात वाटतं."

"हट्ट पुण्याचा. शाळेत फक्त टायपिंग शिकले."

दोन दिवस विचार करून मी अर्ज मागे घेतला. सोमवारी साहेबांनी स्वतः खुर्ची उचलून आणली आणि बसायची जागा रुमालाने पुसली.

महिन्याभराने तेच गृहस्थ आले. नंबर माझ्याकडचा लागला, तर ते शेजारच्या काउंटरपुढे जाऊन उभे राहिले. साहेब आतून उठून आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि लवून म्हणाले, "आपला दाखला याच देतील."

म्हातारबुवा परत आले. दाखला दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे न बघता गेले. शेजारच्या सहकाऱ्याने सोललेलं अर्धं संत्रं काउंटरखालून माझ्या हातात सरकवलं.

तो शब्द त्या ऑफिसच्या एकाही कागदावर आला नाही. यायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पण कंत्राट दर मार्चला वाढत गेलं, त्या खुर्चीवर मी आणखी पाच वर्षं बसले, आणि ती वर्षं फार चांगली गेली.