दोन डाव्या बाह्या

माझी मावशी शिवणाचा क्लास चालवते. पुढच्या खोलीत पाच पायमशीन, कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचा कलकलाट. या वयाच्या पोरींना कोणी हौसेने शिकवतं का? धागा तुटला तरी यांचं जग बुडतं. पण मावशीला नेमक्या त्याच हव्या असतात.

चुकलेलं काम ती कधीच सावरून देत नाही. पोरगी रडकुंडीला आली की तो तुकडा टेबलावर पसरते आणि विचारते, "बरं, आता काय काय होईल याचं?" एका उत्तरावर सुटका नाही.

माझी लेक हट्टात थेट माझ्यावर गेलेली. आम्ही घर बदललं तेव्हा तिने महिनाभर तोंड फुगवलं होतं. क्लासमध्ये फ्रॉक शिवताना तिने कागदी नमुना न उलटता दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापड छापील, उलटं लावायची सोय नाही, आणि दुकानातला तागा संपलेला. मी मध्ये पडले तर मावशीने मलाच बाहेर बसवलं. आतून आधी हुंदके, मग कात्रीचा आवाज. फ्रॉक बिनबाह्यांचा झाला, पण त्याला त्याच बाह्यांचे दोन ऐटदार खिसे आले. त्यानंतर लेक क्लासला धावत जायला लागली.

आणि मावशीच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी पायमशीन बंद करायला सांगितलं. "मोटर बसव," मी म्हटलं.

"मोटरवर शिवणं म्हणजे काय शिवणं? क्लास बंद!" असं म्हणून तिने मशीनवर चादरी टाकल्या. मी चिडले, भांडले, चहा न पिता घरी आले. जगाला वळायला शिकवणारी बाई स्वतः मात्र खुंटासारखी!

दुसऱ्या दिवशी लेक मला ओढतच घेऊन गेली. तिने एका मशीनवरची चादर काढली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "बरं आजी, आता काय काय होईल याचं?"

मावशीने डोळे वटारले. "मोडीत जाईल."

"अजून?"

"तुझ्या आईच्या डोक्यात घालता येईल."

"अजून?"

मावशी चादर परत ओढायला पुढे झाली. तेवढ्यात लेक मशीनखाली शिरली आणि दोन्ही हातांनी पायाखालची पट्टी हलवायला लागली. "तू वर शिव, मी खालून चालवते." मशीन दोन टाके पुढे, एक मागे. धागा तुटला, लेकीचं डोकं फळीवर आपटलं आणि मावशीला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं, माझं मात्र नुसतं हसण्याचं नव्हतं.

"निघ बाहेर," मावशी डोळे पुसत म्हणाली. "बसवा ती मोटर."

मोटरवरची तिची पहिली शिवण पार वाकडी गेली. सगळा क्लास श्वास रोखून बघत होता. लेकीने उसवायला ब्लेड पुढे केलं. मावशीने ते बाजूला सारलं आणि कापड तिच्यासमोर पसरलं.

"थांब गं," ती म्हणाली, "आधी मला विचार."