सुईनंतरच्या गप्पा

"बोला भाऊ, काहीबी बोला. मले फक्त आवाज आयकू येऊ द्या."

सुई टोचून झाली की आमच्या सिस्टरबाई रुग्णाशेजारी स्टूल ओढून बसत आणि हेच म्हणत. गडचिरोलीच्या त्या दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन माझ्याकडे. यकृतातली गाठ नीट ओळखू यावी म्हणून काहींच्या शिरेत एक औषध सोडतात. त्यातले अतिसूक्ष्म कण पडद्यावर चमकतात. बहुतेकांना काही होत नाही. पण एखाद्याचा घसा एकाएकी सुजतो, श्वास कोंडतो. म्हणून नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं.

पण बसतंय कोण? तुम्हीही पाहिलं असेल, दवाखान्यात आलेल्या माणसाचा अर्धा जीव एसटीत असतो.

"बाई, माह्यी गाडी चुकून राह्यली ना!"

"चुकू द्या. आज भाजी काय केली व्हती, ते सांगा."

मग भाजीवरून भाताचं रोवणं, रोवण्यावरून जावयाची नोकरी. मी वैतागायचो. दवाखाना आहे की पानठेला, असं तोंडावर म्हणालोही. त्या हसल्या नुसत्या.

चिमूरकडचे एक काका बैल विकल्याची गोष्ट रंगवून सांगत होते. मधेच खाकरले, आवाज घोगरा झाला. बाई स्टुलावरून उठल्या त्या डॉक्टरांना हाक मारतच. काकांच्या मानेवर गांधी उठल्या होत्या. उपचार झाले, काका वाचले. त्यांनी डोळे उघडल्याबरोबर बाईंनी विचारलं, "मंग त्या बैलाचं काय झालं?"

गेल्या उन्हाळ्यात बाईंच्याच उजव्या कुशीत दुखू लागलं. दुसऱ्या सिस्टरने सुई दिली. बाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "आता तुमी विचारा, भाऊ."

"भाजी काय केली होती?"

"वांगे. पोरीले आवडते म्हून."

त्या पोरीबद्दल बोलत राहिल्या. पडद्यावर त्यांचं यकृत उजळलं, आणि थोड्या वेळाने त्यात काळे डाग उरले. एक नाही, बरेच. असे डाग मी खूप पाहिलेत. मला काहीच वाटलं नाही. हात चालत होता, तोंड हूं हूं करत होतं.

नंतर त्या स्टुलावर पूर्ण अर्धा तास बसल्या, बोलत. आवाज शेवटपर्यंत खणखणीत.

"पाहा, मले काई केलं नाई तुमच्या औषधानं."

"नाही केलं," मी म्हणालो. रिपोर्ट डॉक्टर सांगणार होते.

दिवाळीआधी बाई गेल्या. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आता सुई दिली की लोक मोबाइल काढून मुकाट बसतात. मग मीच स्टूल ओढतो. परवा एका बाईंना विचारलं, भाजी काय केली होती. त्या म्हणाल्या, "वांगे." आणि गप्प झाल्या.

"बोला बाई," मी म्हणालो, "थांबू नका."