सटाण्याची बिनहळदीची भगर

नाशिकहून सटाण्याला जाणारी माणसं हल्ली मला विचारतात, वाटेत खायला काय मिळतं? मी सांगते, देवळ्याला उतरून भेळभत्ता खा, सोबत तळलेली मिरची मागा आणि पाणी जवळ ठेवा. पुढे सटाण्यात जे खाल्लं ते मात्र कुठल्याच हॉटेलात मिळणार नाही. ती गोष्ट सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची.

चर्चमध्ये रविवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं, सटाण्याला एका शाळेत मोतीबिंदूचं शिबिर आहे, रुग्णांची उठबस करायला बायका हव्यात. माझ्या शेजारी बसलेल्या रूथमावशीने स्वतःचा हात वर केला आणि दुसऱ्या हाताने माझाही. मी तेव्हा कॉलेज संपवून घरी लोळत होते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. निघताना पाळकसाहेबांनी एकच ताकीद दिली, "तिथे प्रवचन द्यायचं नाही. डोळे बांधलेल्या माणसाला उठून जाता येत नाही."

थंडीचे दिवस होते. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी धरली. पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि खिडकीची काच अशी अडकलेली की निम्म्या नाशिकचं गार वारं माझ्या कानात शिरलं. सोग्रस फाट्याला गाडी वळली, भावडबारीचा घाट हाशहुश करत चढली आणि देवळ्याला ड्रायव्हर चहाला गेला तो गेलाच. (आता रस्ता झकास आहे, तेवढ्यात तुम्ही पोचून जेवून घ्याल.) मावशी सगळी वाट स्वेटर विणत होती. घाटातसुद्धा तिचा एक टाका चुकला नाही, मी मात्र पुढच्या सीटचा दांडा सोडला नाही.

सटाण्यात उतरलो तर रस्त्यावर कांद्याच्या बैलगाड्यांची ही रांग! शाळेच्या वर्गांतून बाकं काढून गवताच्या गाद्या टाकल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी प्रत्येकीचे हातपाय धुवायचं काम आमच्याकडे आलं. मावशी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन खाली बसली, तशी गिरजाबाई नावाच्या आजींनी पाय झटकन आत घेतले.

"मना पाय नको धू वं माय. माले पाप लागी."

"पाप लागलं तर माझ्या नावावर टाका," मावशी म्हणाली आणि टाचांच्या भेगांतली माती काढू लागली. आमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. पाणी इतकं काळं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हाचं ऑपरेशन म्हणजे आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी असं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, वाकायचं नाही, चावायचंसुद्धा नाही. टाका सुटला तर डोळा गेला. गिरजाबाईंचा दुसरा डोळा आधीच गेलेला, त्यामुळे सारी मदार या एकावर होती.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तोंड मिटून घेतलं. "मना उपास शे. एकादस शे आज." मऊ भाताचा चमचा परत. डॉक्टरसाहेब वैतागले. उपाशीपोटी गोळी दिली तर उलटी होईल, आणि एक उबळ आली तरी डोळ्याचं काही सांगता येणार नाही. भगर चालेल, एवढ्यावर आजी राजी झाल्या. मावशीने भगर आणवली, व्हरांड्यातल्या स्टोव्हवर फोडणी घातली आणि वाफाळती वाटी घेऊन आली. मस्त वास सुटला होता.

आजींचा मुलगा दगाजी कांदे विकून तेवढ्यात आला होता. त्याने वाटीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. भगर पिवळीधमक होती! उपासाला हळद चालत नाही हे आम्हा ख्रिस्ती बायकांच्या गावीही नव्हतं. फोडणी म्हटलं की हळद, हाताला तेवढंच ठाऊक.

दगाजी दबक्या आवाजात म्हणाला, "खावाडी द्या मावशी. मायले कोठे दिसस?"

मला ते लगेच पटलं. पोटचा मुलगाच सांगतोय, डॉक्टर गोळी घेऊन उभे आहेत, आणखी काय हवं? मावशीने वाटी खाली ठेवली.

"तिला दिसत नाही, म्हणून तर नाही द्यायची," ती म्हणाली. मग आजींच्या कानाशी जाऊन तिने सरळ सांगून टाकलं की भगरीत हळद पडली, चूक माझी. दुसरी करते, तोवर कळ काढा.

मला भीती वाटली, आता ही बाई आमच्या हातचं पाणीही घेणार नाही. आजींनी चाचपून मावशीचा हात धरला. मग म्हणाल्या, "तू सांगं, बरं व्हयनं. आते मी सांगस तशी कर."

दगाजी सायकलवरून आणखी भगर आणायला पळाला, आणि मग जी मजा झाली! आजींनी पडल्यापडल्या कृती सांगायला सुरुवात केली, तर शेजारच्या गादीवरून दुसरी पट्टीवाली म्हणाली, "जिरं पहिले टाक वं!" तिसरीने मिरचीचा मुद्दा काढला. चौथीला दाण्याचं कूट शेवटी हवं होतं. सगळ्या उताण्या, सगळ्यांचे डोळे बांधलेले, आणि स्वयंपाक मात्र साऱ्या वर्गाला दिसत होता. मी निरोप घेऊन वर्गातून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून वर्गात धावत होते. "हसायचं नाही!" म्हणून डॉक्टर ओरडत होते आणि स्वतःच हसत होते.

पांढरीशुभ्र भगर आली. आजींनी वाटीभर खाल्ली, गोळी घेतली आणि निवांत झोपल्या. पिवळी आम्ही संपवली. खरं सांगायचं तर चवीला तीच बरी होती.

पट्टी सुटायच्या दिवशी आम्ही दोघी आजींच्या गादीशी जाऊन बसलो. आजींनी डोळा किलकिला केला, दगाजीकडे पाहिलं, मग मावशीचा हात धरून चाचपला.

"हात वळखीना शे," त्या म्हणाल्या. "तोंड आते दखं."

मावशी पदराने डोळे पुसत बसली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

परतीच्या एसटीत आमच्या पिशवीत दगाजीने कोंबलेले कांदे होते. घाटात ते सीटखाली गडगडले आणि कंडक्टरसकट सगळ्यांनी गोळा केले. त्यानंतर दर गुड फ्रायडेला उपास सोडायला आमच्या घरी भगर होऊ लागली, गिरजाबाईंच्या कृतीची. आम्हाला हळद चालते, तरी घालत नाही.

शेवटच्या वर्षांत मावशीची नजर पार गेली. तिच्या डोळ्यांना ऑपरेशनचाही उपाय नव्हता. अशाच एका गुड फ्रायडेला घाईत माझ्या हातून चिमूटभर हळद पडलीच. वाटी तिच्या हातात दिली तेव्हा ती काही विचारणारही नव्हती.

"मावशी, थांब," मी म्हटलं. "पिवळी झालीय. दुसरी करते."

ती हसली आणि वाटी माझ्याकडे परत केली. "कर," म्हणाली. "जिरं पहिले टाक."