मंगळवारचा नमस्कार

“माइक बंद कर. कॅमेरापण. आज तिसरा दिवस आहे तुझा.”

काका लॅपटॉपवरून बोलले. तेवीस घरं ऐकत होती. गुरुवारचं ऑनलाइन पारायण, अध्याय वाचायचा नंबर माझा. पहिली ओवी जेमतेम झाली होती. चौकटीतले पुरुष खाली बघायला लागले. एका जावयाला हसू आवरेना.

मला पाळी आलीच नव्हती.

आमच्या घराण्याच्या ग्रुपवर काका रोज सकाळी देवाचा फोटो टाकतात. आठच्या आत सगळ्यांनी खाली जोडलेले हात टाकायचे. बायकांनी त्या चार दिवसांत टाकायचे नाहीत. म्हणजे कोण कधी बाजूला बसली ते सगळ्यांना कळतं, पुरुषांनासुद्धा. मंगळवारपासून माझा नमस्कार आला नव्हता. मी मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत इंजिनिअर आहे. ते तीन दिवस कंपनीची बस लवकर होती, आणि काकांचा फोटो यायच्या आधीच फोन गेटवर जमा करावा लागत होता. एवढंच झालं होतं.

पण तेवीस घरांसमोर सांगू काय? “चुकलं, काका,” म्हटलं आणि बाहेर पडले. न केलेल्या गोष्टीची माफी मागितली मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा गेल्यावर आई आणि मी काकांच्याच आधाराने वाढलो, लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. चार दिवस मागच्या बाल्कनीत चटई, वेगळं ताट. त्यांचे उपकार, मग बोलणार कोण? आता भाड्याच्या खोलीत एकटी राहते. वाटायचं, सुटले. कसली सुटतेय!

पुढच्या महिन्यात खरंच आली. सकाळी बसमध्ये फोन चाळत होते. कुणाचा तरी गणपतीचा फोटो वर आला आणि माझा अंगठा आपोआप मागे सरला. डाव्या करंगळीने मी तो फोटो पुढे ढकलला. अरे यार, हा नियम मला कुणीच सांगितला नव्हता. काकांनी नाही, आईने नाही. माझा मीच केला होता आणि वर्षानुवर्षं पाळत होते. याच अंगठ्याने रोज मशीन सुरू करते, पहिल्या दिवशीसुद्धा. मशीनला काही होत नाही. मला स्वतःचीच भयंकर चीड आली.

आठला दहा कमी होते. ग्रुप उघडला. काकांच्या फोटोखाली हात जोडले आणि लिहिलं, “आज माझा पहिला दिवस आहे. नमस्कार.”

आईचा लगेच फोन. “डिलीट कर गं. अजून कुणी पाहिलं नसेल.”

सगळ्यांनी पाहिलं होतं. मी नाही म्हटलं. ती रडली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. संध्याकाळी फोन परत मिळाला तेव्हा काकांनी मला ग्रुपमधून काढलेलं होतं. गणपतीला घरी येऊ नकोस, हा निरोप त्यांनी आईच्या तोंडून पाठवला.

मी जाणार आहे. तारखा मोजणार नाही. पहिला दिवस असो नाहीतर तिसरा, आरतीचं ताट मी हातात घेणार. काकांनी विचारलं तर सगळ्यांसमोर खरं सांगेन. चुकलं म्हणणार नाही.