मास्तर-लाल

फटफटी बंद न करताच तो दोन्ही पाय जमिनीला टेकवायचा, घारीनं पंख पसरावेत तसे दोन्ही हात आडवे करायचा आणि समोर जो कोणी ड्रायव्हर असेल त्याला विचारायचा, "दिसलो का?"

"दिसला की मास्तर."

"किती लांबनं?"

खरा प्रश्न हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्याला ठाऊकच असायचं. त्याच्या त्या लालभडक कोटात तो न दिसणं म्हणजे वैशाखात सोलापुरात ऊन न दिसणं.

नाव सांगत नाही. अख्खी भवानी पेठ त्याला मास्तर म्हणायची. रंगखान्यातला रंगमास्तर. सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडवायच्या, काढायच्या, पिळायच्या आणि रस्त्याकडेला बांबूंवर वाळत घालायच्या, हे त्याचं काम. घरात तेलुगू बोलायचा, रंगखान्यात मराठी, आणि फटफटी सुरू होत नसली की दखनी उर्दूत शिव्या द्यायचा. हात कोपरापर्यंत रंगलेले. कितीही धुतले तरी त्याच्या ताटातला भात शेवटच्या घासापर्यंत गुलाबी व्हायचाच.

मी त्याच पेठेत एका सूतव्यापाऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. गिरणीतून सुताचे गठ्ठे आणायचे आणि रंगखान्यात टाकायचे, त्यामुळे आमची रोज गाठ. आणि मी त्याच्यावर जळायचो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी थोडंफार वाढवून सांगणार आहे, तेव्हा न वाढवलेलं एक तरी वाक्य तुमच्या हाताशी असू द्या.

कोटाची कथा अशी. मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी अक्कलकोटच्या रस्त्यावर एका जीपवाल्यानं मास्तरला फटफटीसकट कडेच्या खड्ड्यात घातलं. जीपवाला उतरून म्हणाला, "दिसला न्हाईत हो." मास्तरला गुडघ्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. जन्मभर दुनियेच्या चादरी रंगवल्या आणि आपण मात्र मातीच्या रंगाचा सदरा घालून मातीत मिसळून गेलो, हे त्याला सहन होईना. तीन दिवस त्यानं जाड चादरीचं कापड हौदात उकळलं. लाल निघालं, पण नुसतं लाल नाही. आत कुठंतरी केशरी जाळ असलेलं. शिंप्यानं त्याचा कोट शिवला. पाठीवर सायकलच्या मडगार्डच्या दोन लाल काचा टाचल्या, मागून उजेड पडला की लकाकणाऱ्या. त्या शिवणीत शिंप्याच्या दोन सुया मोडल्या, आणि पुढं आठ दिवस त्या शिंप्याला पांढऱ्या भिंतीवर हिरवे कोट दिसत होते.

तुळजापूरच्या घाटात उभं राहिलं की हा कोट सोलापुरात फिरताना दिसायचा. बैल बुजायचे. एक कोंबडा भर दुपारी पहाट झाली समजून आरवला. एकदा एक विमान त्याला धावपट्टीचा दिवा समजून दोन चकरा मारून गेलं. विमान मी पाहिलं नाही, पण चकरा पाहिल्या.

मास्तरला मात्र गंमत नको होती, पुरावा हवा होता. एका रविवारी तो मला सरळसोट रस्त्यावर घेऊन गेला. "डायवरभाऊ, तुमी हितं टेम्पोत बसा. मी लांबनं येतो. दिसलो की भोंगा वाजवायचा. मग आपण मधले तारेचे खांब मोजू." आधी तो खाकी सदऱ्यात आला, मग पांढऱ्या शर्टात, मग कोट घालून. खाकीत दोन खांबांवर दिसला, पांढऱ्यात चारवर. कोटात तो नऊ खांबांवरच पेटला. मी भोंग्यावर हात ठेवला आणि गप्प बसलो. मनात म्हटलं, ये, अजून ये. सातव्या खांबाला वाजवला.

"सातच?" मास्तर हिरमुसला.

"सात म्हंजे लई झाले की, मास्तर."

त्यानं सात हा आकडा मान्य केला आणि तो सगळ्यांना सांगत सुटला. लोक सातालाही टाळ्या वाजवायला लागले. माझी चोरीसुद्धा त्याच्याच गळ्यात हार होऊन पडली.

आता तुम्ही म्हणाल, एका कोटावर एवढं काय जळायचं? सांगतो. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवसभर ते घराच्या ओट्यावर बसून असायचे. समोर म्हैस आली की मोटार, हे त्यांना शेपटी लागल्यावर कळायचं. पण गल्लीच्या तोंडाशी मास्तर वळला की अप्पा मान वर करून म्हणायचे, "मास्तर आला बघ." आणि मी, त्यांचा सख्खा मुलगा, खाकी कपड्यात त्यांच्या पुढ्यातून घरात शिरायचो तेव्हा मान हलायची नाही. मी टेम्पोला लाल गोंडे लावले. काचेवर प्लास्टिकची द्राक्षं टांगली. टपावर मोराचं चित्र काढून घेतलं, तेही पिसारा फुलवलेलं. मोर घेऊन पहिल्यांदा दारात उभा राहिलो, तेव्हा अप्पा म्हणाले, "आज मास्तरला उशीर झाला रे."

तशात एका व्यापाऱ्याला तो रंग आवडला. "मास्तर, तुमच्या कोटाच्या रंगात चादरी द्या." मग दुसऱ्यानं मागितल्या. वर्षभरात बाजारात त्या रंगाचं नाव 'मास्तर-लाल' पडलं. गिऱ्हाइकं दुकानात नावानं मागायची. माझ्या नावाचं पेठेत काय होतं? एक पंक्चरवाला मला 'ते टेम्पोवाले' म्हणायचा, बस.

त्या उन्हाळ्यात रंगखान्यात दुसऱ्या रंगाचा घाणा लागेना. सगळ्या हौदांत मास्तर-लाल. रस्त्याच्या वळणावर दोन पुरुष उंचीच्या बांबूंवर लाल लडींची भिंतच उभी राहिली. कोट उन्हानं विटू नये म्हणून मास्तर दर महिन्याला तोही त्याच हौदात बुडवून काढायचा.

एका सकाळी मी गठ्ठे भरून त्या वळणावर आलो. समोर लडींची भिंत. आणि त्या भिंतीतून एक तोंड बाहेर आलं. नुसतं तोंड, त्याखाली काही नाही, आणि मग हवेत दोन हात. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. टेम्पो त्याच्या चाकापासून वितीवर थांबला. प्लास्टिकची द्राक्षं तुटून माझ्या मांडीवर पडली.

मास्तरला वाटलं, मी नेहमीसारखा थांबलो. हात पसरून म्हणाला, "दिसलो का?"

"दिसला की."

"किती लांबनं?"

"लई लांबनं," मी म्हणालो. मांडीवरची द्राक्षं मी खिशात कोंबली.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मास्तर, सगळ्या सोलापुरात तुम्ही दिसता, फक्त तुमच्या स्वतःच्या रंगखान्यासमोर दिसत नाही. एवढंच वाक्य. पण मला आतून उकळी फुटली होती. ज्याला विमानं ओळखतात त्याचं वर्म सगळ्या जगात एकट्या मला ठाऊक होतं! त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पुढचे पंधरा दिवस सांगायचं म्हणून तीनदा तोंड उघडलं. एकदा कुणी व्यापारी त्याची पाठ थोपटत होता. एकदा अप्पा त्याला बोलावून आपल्या शेजारी बसवत होते. तिसऱ्यांदा काहीच आड आलं नव्हतं, तरी मी तोंड मिटलं.

सोळाव्या दिवशी मी वळणाजवळ चहा पीत होतो. बाहेरगावचा एक ट्रक वळला आणि पत्रा चेपल्याचा आवाज आला.

मास्तर रस्त्यावर पडला होता. उजवा पाय पायासारखा दिसत नव्हता. ट्रकचा ड्रायव्हर हडकुळा, पोक्त माणूस. खाली उतरला. "दिसला न्हाय हो! देवाशपथ, दिसलाच न्हाय!"

"मास्तर दिसला न्हाय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "अरं, आंधळ्याला बी दिसतोय त्यो!" आणि त्याच्या कानाखाली वाजली.

माझी खाकी आणि बिल्ला पाहून तो माझ्याकडे वळला. हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमी डायवर हाय. तुमी तर सांगा की ह्यांना."

सगळी गर्दी माझ्याकडे बघायला लागली. काळ्या डांबरावर तो कोट निखाऱ्यासारखा रसरसत होता. तिथं तो नऊ काय, नव्वद खांबांवरून दिसला असता. मी म्हणालो, "मला तर रोज दिसतो."

त्याला आणखी दोन बसल्या. तिसरी बसायच्या आत मास्तर कोपरावर उठून ओरडला, "मारू नगा रे! लडी ओल्या हायत, धुरळा बसायलाय!" मार थांबला तो त्या लडींसाठी. मास्तरची नजर चुकवून मी टेम्पोकडे गेलो.

दवाखान्यात त्याला भेटायला एवढी माणसं यायची की मला त्याच्या मोडक्या पायाचाही हेवा वाटायला लागला. माझा पाय मोडला असता तर कोण आलं असतं? पंक्चरवाला. मी दर रविवारी केळी घेऊन जायचो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. आणि केळी ठेवून परत यायचो. चौथ्या रविवारी खाटेजवळ कुणी नव्हतं. मी घसा खाकरला, पण मास्तरच आधी बोलला.

"डायवरभाऊ, तुमच्यावर लई जळतो बघा मी."

मला वाटलं, पायाबरोबर डोक्यालाही लागलंय.

"एवढा लाल कोट घालून तुमच्या दारात थांबतो, आन् तुमचे अप्पा काय म्हणतेत? 'मास्तर, फटफटी बंद कर. माझं पोरगं यायलंय, ऐकू दे.' टेम्पो अजून दोन गल्ल्या लांब असतोय तुमचा! मला कायबी ऐकू येत न्हाय. ते आपले कान लावून बसतेत. मग आत हाक मारतेत, 'भाकरी टाका, आला.' असं ऐकणारं माझ्या घरात कोन हाय? बायको गेली, लेकरू न्हाय. म्हनून तर ह्यो कोट."

मी केळी सोलत बसलो. घरात पाय ठेवला की माझ्या ताटात तव्यावरची भाकरी पडायची. आयुष्यात गार भाकरी मला कधी मिळाली नव्हती, आणि ती बायकोची हुशारी असं मी समजत होतो. अप्पा मान वळवत नव्हते, कारण त्यांचं माझं स्वागत करून दोन गल्ल्या आधीच झालेलं असायचं.

"एक खरं सांगा," मास्तर म्हणाला. "त्या वळणावर मी दिसत व्हतो न्हवं? किती लांबनं?"

एवढं सगळं ऐकल्यावर तरी माझी जीभ सरळ चालायला हवी होती. पण आता सांगायचं म्हणजे ते पंधरा दिवसही सांगावे लागणार होते. "सात खांब," मी म्हणालो.

मास्तरनं डोळे मिटले. "मग त्यो ट्रकवाला खोटं बोलला म्हणायचं. मला त्याचं तोंड खऱ्या माणसाचं वाटलं व्हतं."

त्या रात्री ताटातली भाकरी गरमच होती. मी ती गार होईपर्यंत तशीच ठेवली.

पुढच्या रविवारी गेलो तर खाट रिकामी. शेजारच्या खाटेवरून कळलं, त्याचा पुतण्या त्याला भिवंडीला न्यायला आला होता, गाडी अकराची. मी टेम्पो असा हाणला की टपावरच्या मोराचा पिसारा मिटला असेल. स्टेशनात शिरलो आणि नजरेनं लाल शोधायला लागलो. डब्यामागून डबे पालथे घातले, कुठंच लाल नाही. मग लक्षात आलं, मोडक्या पायाचा माणूस कशाला कोट घालेल? तो साध्या पांढऱ्या शर्टात असणार. आणि प्लॅटफॉर्मवर पांढरे शर्ट हजारभर. मी "मास्तर! मास्तर!" म्हणून ओरडलो. शाळेचे, शिंपीकामाचे, बँडचे असे चौदा मास्तर वळून बघायला लागले.

गाडी हलली. मी खिडक्यांबरोबर पळत सुटलो आणि दिसेल त्या खिडकीत ओरडलो, "त्या वळणावर दिसत नव्हतात, मास्तर! ट्रकवाला खरं बोलला! मला माहीत होतं! मला आधीपासून माहीत होतं!"

खिडकीखिडकीतून पांढऱ्या शर्टातली माणसं वाकून माझ्याकडे बघत होती. दोघातिघांनी हातही हलवला. मी प्रत्येकाला हात जोडत प्लॅटफॉर्म संपेपर्यंत पळालो. त्यातला मास्तर कोणता, ते मला कळलं नाही.