हराझच्या सावलीतली ज्वारी

ईदच्या सुटीत आमच्या राबिघच्या कॅम्पातले बहुतेक जण जेद्दाला खरेदीला गेले आणि मी इद्रिसच्या जुन्या पिकअपमध्ये बसून दक्षिणेला, जिझानला निघालो. इद्रिस सुदानचा, रिफायनरीत माझ्याच टोळीत रिगर (जड सामान दोरखंडांनी उचलून बसवणारा). मी दापोलीकडचा पाइपफिटर. त्याचे चुलते जिझानच्या डोंगरपायथ्याशी शेत कसतात, ज्वारी आता कणसांवर आली आहे, असं त्यानं सांगितलं आणि मला राहवेना. उभं पीक बघून अडीच वर्षं झाली होती.

उजव्या हाताला समुद्र ठेवून आम्ही फजरपासून (पहाटेच्या नमाजापासून) पळत होतो. कुन्फुदाच्या अलीकडे टायर फुटला, आणि स्टेपनीत हवाच नव्हती. तासभर उन्हात उभे राहिल्यावर एका पेशावरच्या ट्रकवाल्यानं आपल्या गाडीतून नळी लावून हवा भरून दिली, वर एक कलिंगडही दिलं. ते खाऊन निघालो. दुपार कलताना रस्ता डोंगराकडे वळला आणि वाळू संपली. समोर हिरवंगार शेत! मी गाडी थांबवायला लावली, उतरलो आणि ज्वारीची ताटं हातांनी चाचपून पाहिली. इद्रिस हसत बसला.

त्याच्या चुलत्यांना सगळे अम्म आदम (आदमकाका) म्हणत. उंच, सडपातळ, साठीचे. त्यांनी खमीर (तंदुरात भाजलेली ज्वारीची आंबवलेली भाकरी) आणि दूध पुढे ठेवलं. आंबूस वासानं घरची आंबोळी आठवली, मी दुसरी मागून घेतली.

मग त्यांनी शेत दाखवलं. पावसाळ्यात डोंगरावरून येणारा सैल (पाण्याचा लोंढा) बांध घालून शेतात घेतात, एरवी विहिरीचं पाणी. मधोमध एक थोरलं काटेरी झाड होतं, हराझ. त्याच्याखालची ज्वारी माझ्या डोक्याच्याही वर गेली होती, बाकीची खांद्याला लागत होती. झाडाखाली पीक खुरटतं हे मला लहानपणापासून ठाऊक. इथं सगळं उलटं.

इद्रिसनं दुभाष्याचं काम केलं. हे झाड पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणून पिकाला ऊन मिळतं आणि मातीला पाला. उन्हाळ्यात ते हिरवं असतं, तेव्हा शेळ्या त्याच्या सावलीत बसतात, शेंगा खातात आणि लेंड्या तिथंच टाकतात. अम्म आदमांच्या सुदानमधल्या गावी ज्याच्या शेतात हराझ जास्त, त्याला लोक मुलगी द्यायला तयार. मी खाली बसून माती उकरली. काळी, भुसभुशीत, गांडुळं वळवळत होती. दहा पावलांवरची माती मुठीत दाबली तर ढेकूळ झालं. खजिना सापडल्यासारखा मी इकडून तिकडे माती हुंगत फिरत होतो.

त्यांनी विचारलं, तुम्ही मातीला काय घालता? मी सांगितलं, आम्ही झाडांच्या फांद्या तोडतो, शेण, पालापाचोळा वर पसरतो आणि राब भाजतो. त्या राखेत भाताचं बी टाकतो. ते म्हणाले, "म्हणजे मातीचा घास तुम्ही आगीला देता."

मी हातातली माती खाली सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताचे मालक अबू सालेह जेद्दाहून आले, बरोबर करवतवाला घेऊन. शेत त्यांना आजोळकडून मिळालेलं. विहिरीजवळ नवी पंपाची खोली बांधायची होती आणि आड येत होतं नेमकं हराझ. पावसात सगळं रान हिरवं असताना हे झाड खराट्यासारखं उभं, त्याचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. अम्म आदमांनी विनवणी केली नाही. त्यांनी विळा मालकांच्याच हातात दिला आणि म्हणाले, झाडाखालची दहा कणसं कापा, बांधाकडची दहा कापा. मालकांनी कापली. दोन्ही हातांत धरून तोलली. झाडाखालची जड भरली, पण खोली हवीच होती.

तेव्हा मी पुढे झालो. परक्याच्या शेतात मी बोलणारा कोण? तरी काठीनं मातीत रेघा ओढल्या. खोली पलीकडच्या बांधावर घ्या, पाइप तीस फूट जास्त, दोन एल्बो (वळणाचे सांधे), उतार तसाच राहतो. जोडून मी देतो, मजुरी नको. मालकांनी पावलांनी अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. मग करवतवाल्याकडे वळून म्हणाले, "खलास (बस, झालं). झाड राहू दे."

पुढचे दोन दिवस इद्रिसनं आणि मी घामाघूम होऊन पाइप जोडला. जुनाच पंप बांधावर ठेवून सुरू केला, खोली सावकाश होणार होती. पाण्याची पहिली धार आली तेव्हा अम्म आदमांनी ओल्या हातांनी माझं डोकं धरून कपाळाचं चुंबन घेतलं. रिफायनरीत मी एवढे जोड घातले, असं कुणी केलं नव्हतं.

राबिघला परतल्या परतल्या टेलिफोन बूथवरून घरी फोन लावला. दादाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, यंदा निम्मा तरवा (भातरोपांचा वाफा) न भाजता ठेव, पाला आणि शेण कुजवून घाल. तो चिडला. म्हणाला, "आणि तण कोण काढणार? तिथं बसून सांगायला काय जातं?"

दादाचं चुकत नव्हतं. राब भाजला की तणाचं बी जळतं, हे मलाही माहीत होतं. मी मेमध्ये घरी जाऊन पेरणीआधीच परतणार होतो. बूथच्या काचेवर बोटानं महिने मोजले.

"मी सुटी जूनमध्ये घेतो," मी म्हटलं. "तण मी काढीन."