महाराणी जेवत नाहीत

माझ्या थोरल्या भावाला पागेत सगळे समोर 'दादा' म्हणतात आणि मागे 'नाक'. दोन्ही नावं त्याला माहीत आहेत, आणि खरं सांगायचं तर दुसरं त्याला जास्त आवडतं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेत तो गेली चौतीस वर्षं घोड्यांचा चारा-दाणा बघतो. जवाचं पोतं उघडलं की साहेब त्यात कोपरापर्यंत हात घालणार, तळातली ओंजळ नाकाशी नेणार, डोळे मिटणार, आणि मग मान हलवणार. मान उभी हलली तर पोतं आत. आडवी हलली तर गाडीवाला कितीही बोंबलो, पोतं आल्या वाटेनं परत. एकदा त्यानं गवताची अख्खी गाडी परत पाठवली, खालच्या गठ्ठ्यांना बुरशी लागलीय म्हणून. गाडीवाल्यानं चिडून तिथंच गठ्ठे फोडले, तर खरंच बुरशी निघाली. त्या एका बुरशीवर आमचे बंधुराज पुढं बारा वर्षं जगले.

त्यातून पागेत एक रिवाज पडला. दादाच्या आधी कुणी काही हुंगायचं नाही, आणि दादानंतर तर नाहीच. 'दादांनी हुंगलंय म्हणजे झालं,' असं तिथला मिशाळ मोतद्दार नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, खरारा करणारा माणूस. तिथं असे चारजण आहेत, आणि चौघांनाही देवानं एकेक नाक दिलेलं आहे. पण दादा असताना ते वापरणं म्हणजे अपमान.

घरी मी होतेच त्या नाकाच्या तोंडी. वहिनीनं वीस वर्षं ऐकलं आणि मग ती गेली. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, माझं मत वेगळं आहे. माझे यजमानही त्याच सुमारास गेले, आणि मी माझं शिलाईचं मशीन घेऊन भावाकडे राहायला आले. शाळांचे गणवेश शिवते, स्वयंपाक करते. दादा कामावरून आला की उंबऱ्यात बूट काढता काढताच निकाल सुरू. 'बारके, कांदा जास्त परतलास.' 'तेल कालचंच वापरलंस ना?' मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, पण त्याला बारकीच. आयुष्यात एकदाही हा माणूस माझ्या हातचं खाऊन 'बरं झालंय' म्हणाला नाही. गप्प बसला, की तीच पावती समजायची.

गेल्या वर्षभरात मात्र तो गप्पच असायचा. मला वाटलं, सुधारला. माणूस साठीनंतरही सुधारू शकतो, असं मी शेजारणीला छातीठोकपणे सांगितलं. तिनं तिच्या नवऱ्याकडे आशेनं बघितलं, बिचारीनं.

आता महाराणींबद्दल. महाराणी ही तेवीस वर्षांची तांबडी घोडी. अर्ध्या शहरातली पोरं तिच्या पाठीवरून पडायला शिकली. बसायला शिकली ती नंतर. ती पागेत आली तेव्हा पाच वर्षांची होती, आणि तेव्हापासून तिच्या तोंडात पहिला घास कायम दादानं घातला. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारा हा माणूस तिचे दात कानशीनं कधी घासले, नाल कधी बदलली ते तोंडपाठ सांगतो. वहिनी म्हणायची, 'मला चार पाय असते तर मलाही विचारलं असतं यांनी.'

उन्हाळ्याच्या तोंडावर महाराणींचे गुडघे धरायला लागले. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सांध्यांसाठी एक करडी पूड दिली आणि अंगावर मांस धरावं म्हणून जवसाचं तेल सांगितलं. दात झिजलेले, त्यामुळं नुसत्या गवतावर तिचं भागत नव्हतं. भिजवलेला जव आणि कोंडा, त्यात पूड, वर तेल, असं रोज दोन वेळा पोटात जायलाच हवं होतं. शाळेच्या मालकीणबाईंनी उत्साहानं तेलाचा एवढा मोठा कॅन आणवला की तो उचलायला दोन माणसं लागली. तो दाण्याच्या खोलीत पत्र्याखाली, खिडकीजवळ ठेवला. पहिले पंधरा-वीस दिवस महाराणींनी सगळं चाटूनपुसून खाल्लं. मग एके दिवशी बादलीत तोंड घातलं, बाहेर काढलं, वरचा ओठ उलटा करून सगळ्यांना दात दाखवले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

'म्हातारपणचे नखरे,' डॉक्टर म्हणाले. 'पुडीची चव आवडली नसेल.'

झालं. डॉक्टर म्हणाले पूड, म्हणजे पूड. मग पूड लपवण्याचे जे प्रयोग सुरू झाले, तेवढे प्रयोग माणसांच्या आजारावर झाले असते तर जग निरोगी झालं असतं. गाजर किसून घातलं. महाराणींनी गाजर वेचून खाल्लं. सफरचंद पोखरून आत पूड भरली. महाराणींनी सफरचंद बाहेरून कुरतडलं आणि पुडीचा गोळा मिशाळाच्या बुटावर ठेवला. काकवी घातली, पुदिना घातला, मीठ घातलं. मालकीणबाईंनी कुठंतरी वाचलं की घोड्यांना केळं आवडतं, केळं घातलं. शेवटी पूड पाण्यात कालवून पिचकारीनं थेट जबड्यात सोडायचं ठरलं. डॉक्टरांनी पिचकारी मारली, महाराणींनी ते पाणी तोंडात नीट धरून ठेवलं, मालकीणबाई 'शहाणी गं माझी' म्हणत जवळ येईपर्यंत थांबल्या, आणि मग त्यांच्या पांढऱ्या शर्टावर शिंकल्या.

दादाचा उपाय साधा होता. पुडीचा वास झाकायचा तर तेल वाढवायचं. एक पळी होतं त्याच्या दोन पळ्या केल्या, दोनाच्या तीन. रोज बादली भरायची, रोज स्वतः नाकाशी न्यायची, मान उभी हलवायची. 'दाणा एक नंबर आहे,' तो म्हणायचा, 'हिचंच डोकं फिरलंय.' त्याच्या शर्टाच्या बाह्यांना तेव्हा एक कुबट वास यायचा. धुताना मी वैतागायचे आणि म्हणायचे, म्हाताऱ्याला घामसुद्धा आता नीट येत नाही.

दोन महिन्यांत महाराणींच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मालकीणबाईंनी दादाला ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसवलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, 'दादा, तिला असं उपाशी बघवत नाही. शुक्रवारी डॉक्टर येतील. तोवर खायला लागली तर ठीक, नाहीतर शांत झोपवू तिला.' मोठी माणसं मारत नाहीत, शांत झोपवतात.

त्या आठवड्यात दादा घरी येऊन नुसता बसून राहायचा. ताटातलं चिवडून ठेवायचा. मी म्हटलं, 'घोडीनं सोडलं म्हणून तूही सोडणार का?' तर म्हणाला, 'बारके, अठरा वर्षं माझ्या हातचं खाल्लं तिनं. आता माझ्या हातालाच तोंड फिरवते.' मी नेहमीप्रमाणं भांडी आपटली.

गुरुवारी संध्याकाळी मी मशीनवर होते. एक कॉलर काही केल्या बसत नव्हती, आणि त्या नादात गॅसवरचं दूध विसरले. भानावर आले तेव्हा घरभर करपट वास, पातेलं काळं ठिक्कर, खालच्या मजल्यावरची बाई जिन्यातून ओरडतेय, 'काय जळतंय हो?' आणि आमचे बंधुराज स्वयंपाकघराच्या दाराला खुर्ची टेकून, पाठ आत करून पेपर वाचताहेत.

'बारके,' पान उलटत तो म्हणाला, 'चहा टाक ना.'

मी गॅस बंद केला. मग पातेल्यात वर उरलं होतं त्याच दुधाचा चहा केला. मला स्वतःला तो कप नाकाजवळ नेववेना. त्यानं घोट घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, 'छान झालाय.'

चाळीस वर्षं मी त्या शब्दाची वाट बघितली होती, आणि तो मिळाला जळक्या दुधाच्या चहावर. वर्षभराची त्याची ती सुधारणा, तो शांतपणा, सगळं एका क्षणात लख्ख कळलं. मला रागही आला आणि रडूही. शेजारणीला दिलेली ती आशासुद्धा आता परत घ्यावी लागणार होती.

शुक्रवारी सकाळी मी त्याच्या पाठोपाठ पागेत गेले. तो दाण्याच्या खोलीत जव कालवत होता. मी सरळ खिडकीजवळ गेले आणि कॅनचं झाकण फिरवलं. काय सांगू! उन्हात मुरलेल्या जुन्या रंगाचा डबा उघडावा तसा भपकारा आला. तेल इतकं खवट झालं होतं की डोळ्यांत पाणी आलं. शर्टाच्या बाह्यांचा तो वास हाच.

'हे हुंग,' पळीभर तेल काढून त्याच्यासमोर धरत मी म्हटलं.

त्यानं नाकाशी नेलं, डोळे मिटले, मान उभी हलवली.

'पुरे झालं ते मानेचं,' मी म्हटलं. 'किती दिवस वास येत नाही तुला?'

त्यानं पळी खाली ठेवली. मग म्हणाला, 'गेल्या पावसाळ्यात सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. वाटलं येईल परत.'

'आणि ताकाला जाऊन भांडं लपवत बसलास! कुणाला सांगायला काय झालं होतं?'

'नाक नसलेल्या माणसाचं इथं काय काम, बारके?'

'कामाचं राहू दे. ते शहाणं जनावर दोन महिने ओरडून सांगतंय की खाणं नासलंय, आणि तू वर आणखी तेल ओततोयस. तिला पुडीचा त्रास नव्हताच, दादा.'

हे मी बोलायला नको होतं, किंवा निदान हळू बोलायला हवं होतं. तो पोत्यावर बसला. माझा भाऊ मी कधी म्हातारा बघितला नव्हता, त्या पोत्यावर बघितला.

बाहेर डॉक्टरांची गाडी लागली. आता सोपी वाट होती. कॅन मागं ओतायचा, ताजं कालवायचं, घोडी खाईल, 'बघा, शेवटी दादांनीच खायला लावलं' म्हणून वर पुन्हा बारा वर्षांचं भांडवल. मीच म्हटलं, 'चल, ओतून टाकू.' त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. दोन माणसांचा तो कॅन एकट्यानं ओढत बाहेर नेला, महाराणींच्या दारात, जिथं मालकीणबाई, डॉक्टर आणि त्यांची ती शांत झोपवायची काळी पिशवी उभी होती.

'हुंग,' तो मिशाळाला म्हणाला.

मिशाळ दोन पावलं मागं सरकला. 'तुम्ही हुंगलंय ना दादा...'

'मला वास येत नाही. वर्ष होत आलं. हुंग म्हणतो ना!'

मिशाळानं हुंगलं आणि खोकत बाजूला झाला. मालकीणबाईंनी रुमाल लावला. डॉक्टर वाकले आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले, 'अरे बापरे.' उंटावरच्या शहाण्यांना खाली उतरायला इतकाच वेळ लागला. दादा सगळ्यांसमोर उभा होता. तो म्हणाला, 'तिची काही चूक नाही. मी तिला नासकं घालत होतो. ती पिशवी आत ठेवा, मग माझं काय करायचं ते करा.'

मिशाळानं नवी बादली धुऊन आणली. नुसता जव, कोंडा, कोमट पाणी आणि तीच बदनाम करडी पूड. दादानं बादली धरली, खालून मी हात दिला. महाराणींनी आधी त्याच्या बाहीचा वास घेतला आणि कान मागं टाकले. त्यानं तिथल्या तिथं शर्ट काढून फेकला. चौसष्ट वर्षांचा माणूस, बनियनवर, मालकीणबाईंसमोर. मग तिनं तोंड आत घातलं. बराच वेळ नुसतं फुरफुरली. आणि मग चावण्याचा आवाज आला. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण त्याला वाटतं तो रडताना कुणाला कळत नाही.

डॉक्टरांनी पिशवी गाडीत ठेवली. महिन्याभरानं बरगड्या झाकल्या गेल्या, तेव्हा ते सगळ्यांना सांगत होते की पूड लागू पडली. असू दे. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

मालकीणबाईंनी दादाला काढलं नाही. म्हणाल्या, 'हात आणि डोळे तर तुमचेच आहेत. हुंगायला कुणीतरी विश्वासाचं बघा.' मला वाटलं मिशाळ. तर दादा घरी येऊन म्हणाला, 'उद्यापासून सकाळी तू चल.' ज्या बाईचा कांदा चाळीस वर्षांत एकदा नीट परतला गेला नाही, तिच्यावर आता बावीस घोड्यांचं पोट!

पहिल्या दिवशी नवं गवत आलं होतं. त्यानं गठ्ठ्याच्या मधोमध हात घालून मूठभर ओढलं आणि माझ्यासमोर धरलं. मी हुंगलं आणि म्हटलं, 'ठीक आहे.'

'ठीक म्हणजे? नीट सांग.'

'म्हणजे कोरडं आहे. कुबट नाही.'

'ते झालंच. वास कसा येतोय?'

गाडीवाला खोळंबला होता, मिशाळ बघत होता, आणि मला घरी दोन डझन गणवेश होते. मी पुन्हा हुंगलं. म्हटलं, 'कापून फार दिवस झाले नसावेत. आत थोडं गोडसर येतंय. खाली ऊन लागलेल्या मातीसारखं, आणि मध्येच कुठलंतरी रानफूल वाळलंय.'

त्यानं डोळे मिटले होते.

'हळू,' तो म्हणाला. 'जरा हळू सांग.'